रिकाम्या ट्रकचं वजन

ग्वेंडा ट्रेझिसला या उद्योगातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक, अध्यक्षपदाची खुर्ची. निवृत्तीनंतर सहा वर्षं तिच्या हुकमात एक कुत्रा सोडून कोणी नव्हतं, आणि तोही बहिरा. दोन, गावच्या साप्ताहिकात फोटो. तीन, नणंदेवर मात. मर्ल हॉकिंग ही तिच्या दिवंगत नवऱ्याची बहीण, गावच्या कृषी प्रदर्शनात बावीस वर्षं केकची परीक्षक. त्या बावीस वर्षांत भावजयीच्या केकला तिने एकदाही पहिला नंबर दिला नव्हता. आणि चार, जे ग्वेंडा कुणाला सांगत नसे, ते म्हणजे दिलेल्या शब्दातून मोकळीक.

तो शब्द तिमोर बेटाच्या डोंगरातल्या एका शाळेत दिला गेला. ग्वेंडा तिथे दोन आठवडे शिकवायला गेली होती. तिथल्या शिक्षिका दोमिंगास यांनी तिला हजेरीपट दाखवला. पावसाळा सरला की शाळेजवळचा ओहोळ आटायचा आणि मोठ्या मुलींची नावं गळायला लागायची, कारण पाणी दीड कोसावरून आणायचं आणि ते मुलींनीच. वर डोंगरात झरा होता. पाइप आणि एक टाकी बांधली की नळ शाळेच्या दारात. खर्च नऊ हजार चारशे डॉलर. ग्वेंडा म्हणाली, "मेच्या मध्यापर्यंत पाणी येईल." दोमिंगासबाईंनी ते पालकांना सांगितलं, आणि त्या भरवशावर अकरा मुलींची नावं हजेरीपटावर राहिली.

मी डेस पोल्किंगहॉर्न. एकतीस वर्षं बंदरावरच्या वजनकाट्यावर होतो. गव्हाचा भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, माल उतरवला की रिकामा घ्यायचा, फरक तो माल. माणसांनाही मी तसंच मोजतो. आधी बोलणं उतरवून घेतो, मग उरतं ते लिहितो. म्हणून मला खजिनदार केलं.

या पाण्यासाठी काढलेल्या संस्थेची पहिली सभा जानेवारीत, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. आम्ही चौघं, ग्वेंडा, मर्ल, मी आणि खाटीक केल्विन रॉड्डा. केल्विन पंचेचाळीस वर्षांचा, पण ग्वेंडाच्या हाताखाली शिकलेला. अजून तिच्यासमोर टोपी काढतो आणि 'बाई' म्हणतो. मर्ल आली ती मदतीला नव्हे, देखरेखीला.

"माझी एक अट आहे," मर्ल म्हणाली. "मागे एका संस्थेला मी दरमहा वीस डॉलर देत होते. नंतर कळलं, त्यातले बारा त्यांच्या ऑफिसच्या गालिच्यात गेले. इथे शंभरातले शंभर सेंट मुलांना. एक सेंटही इकडे खर्च व्हायचा नाही. हे घटनेत लिहा."

"त्यात लिहायचं काय? आपण सगळे फुकटच राबणार आहोत," ग्वेंडा म्हणाली.

"मग लिहायला तुझं काय जातं?"

झालं. नणंदेने असं विचारल्यावर भावजय मागे कशी सरणार? ग्वेंडाने नियम घटनेत तर लिहिलाच, वर केल्विनकडून पाच फुटी पाटीवर रंगवून घेतला. शंभरातले शंभर सेंट मुलांना. मला तेव्हाच खटकलं होतं. रिकाम्या ट्रकचं वजन शून्य भरलं, तर ट्रक चांगला असं कोणी म्हणत नाही, काटा बिघडला असं म्हणतात. पण बायका खूश होत्या आणि चहा गरम होता. मी गप्प बसलो.

ठरलं असं, की फेब्रुवारीपासून एप्रिलअखेर दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानापुढे सॉसेज भाजून विकायची. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये एक सॉसेज, वर परतलेला कांदा. ती जागा मिळणं म्हणजे चांदी. गावातल्या संस्था तिच्यासाठी वर्षभर आधी नंबर लावतात, आणि मेपासून ती फुटबॉल क्लबची असते.

पहिल्या शनिवारच्या आधीच कौन्सिलचं पत्र आलं. फुटपाथवर शेगडी मांडायची तर विमा हवा. उद्या कांद्यावरून पाय घसरून कोणी पडलं तर? सोबत विम्याचं बिल, सहाशे पंच्याऐंशी डॉलर.

सभा भरली. बिल टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि आम्ही चौघं त्याच्याकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसे बघत बसलो.

"संस्थेच्या पैशातून भरू. देणग्यांचे एकतीसशे जमलेत," मी म्हटलं.

"मुलांचे पैसे!" मर्ल म्हणाली. "पाटीवर काय लिहिलंय, वाच. चष्मा देऊ?"

"मर्ल, विम्याशिवाय सॉसेज विकता येत नाही."

"नियम म्हणजे नियम. मी आपली आठवण करून दिली. अध्यक्ष काय म्हणतात?"

अध्यक्ष काय म्हणणार? पाटीचा रंगही वाळला नव्हता. ग्वेंडाने चहात बिस्किट बुडवलं, बराच वेळ बुडवून ठेवलं आणि डाव्या बाजूने सावकाश चावलं. मग म्हणाली, "बिलाची नोंद घेण्यात आली, असं लिही डेस." आणि बिल नोटीस बोर्डावर टाचणीने लावलं.

आता, आमच्यापैकी कोणीही तिथल्या तिथे म्हणू शकलं असतं, 'मी भरतो.' पण आमच्या गावात पैसे दिल्याचं सांगणं म्हणजे भर चौकात अंघोळ करणं. नुसतं द्यायचं, आणि कोणी विचारलं तर हवापाण्यावर बोलायचं. सगळ्यांसमोर दिले तर मोठेपणा मिरवला म्हणतात, तेही दोन पिढ्या. तेव्हा बिल टाचणीवर लटकत राहिलं. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला, तिसराही. हार्डवेअरसमोरची आमची जागा रिकामी आणि केल्विनच्या फ्रीजरमध्ये सॉसेज भरलेली.

केल्विनच मला एकदा म्हणाला, "डेसकाका, बाईंना कुणी समजवा ना."

"तू समजव. तू लाडका."

"मी? मला अजून स्वप्नातसुद्धा त्यांच्यासमोर पाढे म्हणावे लागतात."

बिलाची शेवटची तारीख एकवीस फेब्रुवारी होती. आता सांगूनच टाकतो. एकोणीसला सकाळी मी हॉलमध्ये जाऊन बिलावरचा नंबर उतरवला, पोस्टात गेलो आणि भरून टाकलं. आमच्याकडे बिलं पोस्टात भरतात. खिडकीवर लॉर्ना बसते. तिने पावती दिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वारा सुटलाय आज."

"हो, दक्षिणेचा," मी म्हटलं.

बावीसला कौन्सिलची परवानगी आली. शेगडी पेटली. विमा कोणी भरला हे कोणी कोणाला विचारलं नाही. कांदे दर शनिवारी कुठून येतात हेही कोणी विचारलं नाही. ते केल्विन पहाटे मागच्या दाराने ठेवून जायचा. मर्ल गल्ल्यावर बसायची आणि कोणी दोन स्लाइस मागितले तर विचारायची, "दुसरा स्लाइस कुणाच्या वाटचा घेताय, माहितीय का?" लोक सुटे पैसे परत न घेताच पळायचे. गल्ला भरायला खडूस माणूसच लागतो, हे मी तेव्हा शिकलो.

दहा शनिवार झाले. विक्रीतून चार हजार आठशे सत्तर, देणग्यांचे एकतीसशे. बेरीज सात हजार नऊशे सत्तर. मिळत गेले तसे पैसे मी तिमोरला पाठवत गेलो. पाइप आले, पुरले गेले. टाकीच्या सिमेंटला आणि गवंड्याला चौदाशे तीस कमी पडले, आणि एप्रिल संपला. हार्डवेअरसमोर फुटबॉल क्लबची शेगडी लागली.

दोमिंगासबाईंचा फोन आला तेव्हा मी ग्वेंडाच्या स्वयंपाकघरात हिशेब घेऊन बसलो होतो. तिकडे ताईला 'माना' म्हणतात.

"माना ग्वेंडा, ओहोळ आटला. पाइप टाकीच्या जागेपर्यंत आलाय, टाकी नाही. पालक विचारतायत."

"त्यांना सांग, येतंय."

"सांगितलं. आता ते तारीख विचारतात."

पस्तीस वर्षांच्या शिक्षकीत ग्वेंडाने पोरांना 'बाई विसरल्या' असं म्हणायची संधी दिली नव्हती. फोन ठेवून तिने टेबल पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं.

"कुत्र्याला विकू का?" ती म्हणाली.

"बहिऱ्याला काय मिळणार?"

तेरा मेला विमा कंपनीचं पत्र पोस्टात आलं. दुसऱ्या दिवशी सभा. लॉर्ना पत्र घेऊन स्वतः आली, जे खिडकीवर बसणारीचं काम नाही, आणि दाराशी उभी राहिली. तेही तिचं काम नाही.

ग्वेंडाने वाचलं, "आपल्या संस्थेकडून एकाच बिलाची रक्कम तीन वेळा जमा झाली आहे. जास्तीचे तेराशे सत्तर डॉलर संस्थेच्या खात्यावर परत करत आहोत. कृपया यापुढे काळजी घ्यावी."

ग्वेंडाने पत्राची घडी घालून ते टेबलावर ठेवलं.

"कोणी?" ग्वेंडाने विचारलं. अगदी वर्गात खडू फेकणाऱ्याला विचारावं तसं.

केल्विनने सवयीने हात वर केला. "मी नाही, बाई."

"लॉर्ना?"

"मी काय सांगणार? पोस्टाची गुप्तता असते," लॉर्ना म्हणाली. "एवढंच सांगते, एकोणीस, वीस आणि एकवीस तारखेला तिन्ही दिवस खूप वारा होता. तिघांनीही तसंच सांगितलं."

माझे कान तापले. मी वहीत बघत राहिलो. समोर मर्लही पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं.

"मर्ल? तू?" ग्वेंडा म्हणाली.

"मग? नियम मी केला होता. त्याची किंमत दुसऱ्या कुणी का द्यायची?" मर्ल फणकारली. "आणि तू कुठून दिलेस? तुझा उजवा दात काढायला ठेवलेला पैसा ना तो? तीन महिने बिस्किट भिजवून खातेयस. मला काय दिसत नाही? बावीस वर्षं लोकांचं खाणंच बघतेय मी."

"दात काय, पुढच्या वर्षी काढता येतो."

"आणि हा आमचा प्रामाणिक खजिनदार!" मर्ल माझ्याकडे वळली. "वहीत विमा शून्य लिहून बसलाय."

"मी नियमाप्रमाणेच लिहिलं," मी म्हटलं, आणि माझ्याच काट्याची मला लाज वाटली.

परत आलेले पैसे धरूनही साठ डॉलर कमी पडत होते. मी ते सांगितलं. परत सगळे हवापाण्यावर येणार, तेवढ्यात केल्विन उठला, टोपी काढली आणि वीसच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या.

"बाई, हे मी देतोय. सगळ्यांच्या देखत. डेसकाका, माझ्या नावावर लिहा. आणि कांद्याचे एकशे बावीसपण लिहा."

गावच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. मर्लने आ वासला, मग मिटला. "लिही," ती म्हणाली. "आणि नियमही बदल. जो खर्च होईल तो मांडायचा, म्हणावं. देणाऱ्याच्या नावासकट."

पैसे त्याच दिवशी गेले. दोन जूनला शाळेच्या दारात नळ आला. दोमिंगासबाईंनी फोटो पाठवला आणि सोबत हिशेब. त्या माझ्याच जातकुळीतल्या निघाल्या. टाकीसाठी नदीतून वाळू कोणी किती टोपल्या आणली, ते घरवार लिहिलेलं, एकूण चारशे बारा. टोपलीला बारा किलो धरले तर चार हजार नऊशे चव्वेचाळीस किलो. तेवढ्याला आमच्याकडे ट्रक लागतो. तिकडे त्या मुली आणि त्यांच्या आया होत्या.

हजेरीपटाचंही पान होतं. अकरापैकी दहा नावं. अकराव्या नावावर रेघ. एर्मेलिंदा, वय तेरा, एकोणीस मेपासून राजधानीत मावशीच्या घरी कामाला.

ग्वेंडाने ते पान दोनदा वाचलं आणि फ्रीजवर लावलं. वही माझ्याकडे असते. बिल टाचणीवर लटकलं होतं ते तीन शनिवार. दहा शनिवारांची सरासरी चारशे सत्त्याऐंशी, तीन शनिवारांचे चौदाशे एकसष्ट. कमी पडत होते चौदाशे तीस. म्हणजे पैसे अठ्ठावीस एप्रिललाच गेले असते, आणि पैसे गेल्यावर लागले तेच एकोणीस दिवस धरले, तर नळ आला असता सतरा मेला, एर्मेलिंदा जायच्या दोन दिवस आधी.

तेव्हा वर्षअखेरीस वहीत नवीन नियमाप्रमाणे, देणाऱ्यांच्या नावासकट मांडलं ते असं. ग्वेंडा ट्रेझिस, सहाशे पंच्याऐंशी आणि एक दात. मर्ल हॉकिंग, सहाशे पंच्याऐंशी. डेस पोल्किंगहॉर्न, तेवढेच. केल्विन रॉड्डा, साठ, अधिक कांदे एकशे बावीस. शाळेच्या गावातली घरं, वाळू चारशे बारा टोपल्या. एर्मेलिंदा, आमचे तीन शनिवार.