थांबवलेले माग

विद्यापीठाच्या समितीला आता नुसते शोधनिबंध पुरत नव्हते. संशोधनामुळे बाहेरच्या जगात काय बदललं, याचा लेखी दाखला हवा होता. शिवाय तो बदल मोजता येण्याजोगा असावा, अशी अट होती. दाखला मिळाला नाही तर माझी ध्वनिमापन प्रयोगशाळा बंद होणार होती. म्हणून तीन वर्षांपूर्वी जिथे मोजमापं घेतली होती, त्या कापडगिरणीत मी पुन्हा गेलो. आमचे भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, तिथेच विणाई खात्यात होते.

व्यवस्थापकांनी पत्र तयारच ठेवलं होतं. माझ्या निष्कर्षानुसार खात्यातला आवाज निर्धोक असल्याने गिरणीने कान झाकणारे इअरमफ बंद केले आणि कामगारांची एका जाचातून सुटका झाली, असं त्यात गौरवाने लिहिलं होतं.

मला मोजमापाचा तो दिवस आठवला. आम्हा पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून व्यवस्थापकांनी सौजन्याने निम्मे माग थांबवले होते. निबंधाच्या परिशिष्टात मी ते नोंदवलंही होतं. गिरणीला दिलेल्या एकपानी सारांशात मात्र ते वाक्य मावेना, म्हणून मीच गाळलं. ते पान आता खात्याच्या दाराशी काचेच्या चौकटीत होतं.

मी चूक सांगितली. व्यवस्थापकांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“इअरमफ उद्याच परत देतो, साहेब. फक्त मग हे पत्र फाडावं लागेल. बदलच उरणार नाही ना.”

तर्कात खोट नव्हती. पत्र मी त्याच दुपारी समितीकडे पाठवलं.

संध्याकाळी बहिणीकडे गेलो. “या, इंजेक्शन न देणारे डॉक्टर,” भाऊजींनी शेजारच्यांनाही कळेल अशा आवाजात स्वागत केलं. हल्ली ते असंच बोलतात, मागून हाक मारली तर वळत नाहीत, असं बहीण सांगत होती.

“दादा, तुझं ते यंत्र लावून एकदा यांचे कान बघ ना.”

श्रवणमापक पिशवीतच होता. दोन्ही कानांचे वरचे स्वर जवळजवळ गेले होते. आलेख सुबक आला. शंकेला जागा नव्हती.

“कशामुळे रे?” बहिणीने विचारलं. वयामुळेही होतं, असं मी म्हणालो. भाऊजी पंचेचाळीसचे आहेत.

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकटक पाहत विचारलं, “झालं का गिरणीतलं काम?”

मी फक्त होकारार्थी मान हलवली. ते ओठ वाचायला शिकले होते.