भुऱ्याची कबुली

पहिली कोंबडी मेली त्या सकाळी भुऱ्यानं मान खाली घातली आणि वर्षाराणीला वाटलं, झाली कबुली. कान मागे, शेपूट पोटाशी, नजर जमिनीला. "पाहा आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "त्याचं तोंडच सांगून राह्यलं."

तिच्या सासरी अशा कुत्र्यासाठी जुनी अद्दल होती. मारलेली कोंबडी त्याच्याच गळ्यात बांधायची, वास सुटेपर्यंत. वर्षाराणीनं लाडानं हाक मारली, "भुऱ्या, ये, ये." तो शेपूट हलवत आला. तिनं सुतळी बांधली, वर चार चपला दिल्या. व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला: चोर सापडला. आख्खं कामरगाव हसलं.

चौथ्या दिवशी दुसरी कोंबडी गेली. आता मात्र सासूनं, गोजराबाईंनी, निकाल दिला, की धनराजनं उद्या भुऱ्याला जीपमध्ये टाकून धनज गावाच्या पल्याड सोडून यावं. धनराज वर्षाराणीचा नवरा, पण आईपुढं त्याचं चालत नसे.

त्याच दुपारी जनावरांच्या दवाखान्यातल्या धम्मदीपा मॅडम कुत्र्यांना रेबीजची सुई टोचत गल्लीत आल्या. सुई वाया घालवू नका, उद्या जाणार आहे तो, असं वर्षाराणीनं सांगितलं आणि का तेही सांगितलं. मॅडमनी उकिरड्यावरची कोंबडी काडीनं उलटवली. मानेवर बारीक दातांच्या खुणा, बाकी अंग तसंच. मग त्या खुराड्यामागं गेल्या. भिंतीखाली मुठीएवढं बीळ होतं, तोंडाशी पिसं. मुंगूस आहे, त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, त्यानं मान खाली घातली होती."

"ताई, तो कबूल नाही करून राह्यला. तो तुमचं तोंड पाहून राह्यला." आणि समजावलं, की कुत्रा रागावलेल्या माणसासमोर असाच होतो, गुन्हा केलेला असो की नसो; हे लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. रात्रीच्या गोष्टीचा सकाळचा मार त्याला कळत नाही. हाकेवर आला आणि मार पडला, तर हाकेवर यायचं नाही, एवढंच तो शिकतो. "पटत नसंन तर करून पाहा. आत्ता त्यानं काहीच केलं नाही. त्या दिवशीसारखं तोंड करा."

वर्षाराणीनं कंबरेवर हात ठेवले, भुवया आवळल्या. "काय केलं रे हे?"

भुऱ्या वितळल्यासारखा जमिनीला चिकटला. हुबेहूब तेच तोंड.

आणि मागून, उंबऱ्यातून, चार वर्षांची अंजू हळूच म्हणाली, "चुकलं माझं, मम्मी." तिचीही मान खाली. काय चुकलं, हे तिनं विचारलंच नाही.

मॅडम सिरिंज भरू लागल्या. वर्षाराणीला मात्र मागच्या आठवड्यातली लिपस्टिक आठवली. हरवली तेव्हा अंजूनं अशीच मान खाली घातली होती, आणि ती मान पाहूनच तिला दोन थपडा बसल्या होत्या. लिपस्टिक तिसऱ्या दिवशी पर्सच्या अस्तरात निघाली. वर्षाराणीनं ती गुपचूप लावून टाकली होती. स्टेटस तर दुसऱ्याच दिवशी आपोआप पुसला गेला होता. हे कशानं पुसायचं?

संध्याकाळी तिनं सासूला बीळ दाखवलं, भुऱ्या कुठंही जाणार नाही म्हणाली, आणि सुतळी आपण उगाच बांधली हेही. गोजराबाईंनी वाकून बीळ पाहिलं. मग म्हणाल्या, "गोटे आण. बुजवू."

बीळ बुजवल्यावर वर्षाराणी अंजूजवळ बसली. "लिपस्टिक माझ्या पर्समधीच होती. तू नव्हती घेतली."

अंजूनं मान वर केली. "मंग मले काहून मारलं?"

"चुकलं माझं," वर्षाराणी म्हणाली. पोरीचेच शब्द, तोंडातून निघताना जड झाले.

मग तिनं भाकरीचा तुकडा हातावर धरला. "भुऱ्या, ये." त्यानं कान हलवले, पण जागचा उठला नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही. तुकडा जमिनीवर ठेवला, पाठ फिरवली आणि दूर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं मागं भाकरी चावल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.