काटा शून्यावर पडला तेव्हा

मी मोटारीचा वेग मोजणारा सेन्सर बोलतोय. अंगठ्याएवढं काळं अंग, खाली दातेरी चाक आणि डोक्यावर तारांची क्लिप. गिअरबॉक्सला एका बोल्टनं बसवलेला असल्यामुळे मी कुणाला दिसत नाही. समोरचा काटा मात्र सगळे बघतात. तो काटा माझ्या सांगण्यावरून हलतो आणि किलोमीटरचे आकडेही माझ्याच सांगण्यावरून पुढे सरकतात.

माझं आयुष्य कबनूरच्या बाहुबली मगदूम यांच्या गाडीत गेलं. ते सुताचे व्यापारी. बंद केलेलं दार पुन्हा ओढून बघायचे आणि पंपावर पेट्रोल भरताना पापणीसुद्धा लवू द्यायचे नाहीत. गाडी चालवायचा सयाजी. बाहुबलींच्या पत्नी अरुणाताई मागच्या सीटवर गप्प बसायच्या.

वर्षानुवर्षं फिरून माझे दात झिजले. एकदा राधानगरीच्या वाटेवर काटा थरथरला आणि शून्यावर पडला.

"सयाजी, तार काढलीस व्हय रं?" बाहुबलींनी लगेच विचारलं.

"मी कशाला काढू, मालक?"

"मग गाडी पळतीया आणि मीटर पळंना कसं?"

त्यातच पेट्रोल लवकर संपू लागलं. किलोमीटर दिसू नयेत म्हणून तार काढून सयाजी चोरून भाडी मारतो, अशी बाहुबलींची खात्रीच झाली. मला हात कुणी लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण संशय मलाही होता. रोज दुपारी गाडी हलायची आणि क्लचवरचा पाय सयाजीचा नसायचा. गाडी हिसके देत सुटायची, मध्येच बंद पडायची.

अखेर एके दिवशी बाहुबली त्याला तोंडावर चोर म्हणाले. सयाजीनं किल्ली बॉनेटवर ठेवली.

"माझ्या इमानावर बोट ठेवलंसा. आता ह्या गाडीला हात लावणार न्हाई."

तो गेला आणि दुपारच्या फेऱ्याही थांबल्या. पेट्रोल पुरू लागलं.

"बघ, म्हटलं हुतं की न्हाई?" बाहुबली अरुणाताईंना म्हणाले. त्या आत निघून गेल्या.

गॅरेजवाले जुनाच सेन्सर पुसून बसवतात, असा बाहुबलींचा समज. म्हणून त्यांनी नवा सेन्सर आणला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून अंगणातच काम काढलं. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची तार सोडवली. अरुणाताईंनी टॉर्च धरला. उजेड माझ्यावर पडला. क्लिप घट्ट बसलेली होती आणि तिच्यावर तेल-धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता. बोल्ट काढून त्यांनी मला उपसलं. झिजलेल्या दातांवरून बोट फिरवलं.

"तार काढली नसंल," ते पुटपुटले. "पण पेट्रोल? ते तर त्यानंच जाळलं."

अरुणाताईंनी उजेड खाली घेतला.

"त्यानं न्हाई. मी जाळलं," अरुणाताई म्हणाल्या. "तुम्ही दुकानात आणि सयाजी जेवायला गेला, की शेजारची राजनंदिनी मला गाडी शिकवत हुती."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"शिकायचीया म्हणून सांगितलं की! तुम्ही हसलासा."

"आणि सयाजी गेला तवा?"

"भ्याले," त्या म्हणाल्या. "पण ह्या पापावर आता झोप लागंना."

बाहुबलींनी नव्या सेन्सरच्या रबरी रिंगला तेल लावलं, तो बसवला, बोल्ट आवळला, बॅटरीची तार जोडली. मला त्यांनी खिशात टाकलं. अरुणाताई स्टिअरिंगवर बसल्या. इचलकरंजीतल्या सयाजीच्या घरापर्यंत बाहुबलींचा हात हँडब्रेकवरून हलला नाही.

सयाजी उंबऱ्यावर बसला होता. बाहुबलींनी मला त्याच्यापुढं धरलं.

"ह्याचं दात झिजलं हुतं. तुझी चूक न्हाई."

सयाजीनं मला हातात घेऊन फिरवलं.

"तार मी काढली न्हाई, हे तर त्याच दिवशी सांगितलं हुतं, मालक. माझ्यापरीस ह्या प्लास्टिकवर इस्वास?"

अरुणाताई पुढं झाल्या.

"गाडी मी न्हेत हुते, सयाजी भाऊ. तुमच्यावर आळ आला आणि मी गप बसले."

तो उठला आणि आत वळून बायकोला म्हणाला, "चिमणे, च्या ठेव."

आता मी सयाजीच्या फळीवर असतो. तो पुन्हा कामावर जातो, अरुणाताईंना घाट चढायला शिकवतो. संध्याकाळी घरी येऊन तो चिमणाबाईंना सगळं सांगतो, तेव्हा मी ऐकतो. गाडी लावली की तो किल्ली बाहुबलींच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "एकदा मीटर बघून घ्या, मालक." बाहुबली मान खाली घालतात. तरी तो रोज म्हणतोच.

माझी जागा दोन हातांनी तासाभरात भरून निघाली. सयाजीच्या मनातलं काय झिजलंय, ते कुठल्या दुकानात मिळतं, मला माहीत नाही. तुमच्या गाडीचा काटा थांबला, तर आधी मला काढून बघा, बाबांनो. माणसाकडं बोट मागाहून दाखवा.