तानसुलूचे जाते

मित्रांनो, मी एक जुने दगडी जाते आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला स्वतःचे कौतुक करायला आवडते.

कौतुक करण्यासारखे माझ्याजवळ आहेच. उझगेनच्या पलीकडे नदीच्या पात्रात मी नुसता करडा धोंडा होऊन पडले होते. माझी मालकीण उमसुनाई, तिच्या बापाने मला निवडले आणि दोन महिने खपून घडवले. लेक सासरी निघाली तेव्हा गाढवाच्या एका अंगाला माझा वरचा दगड आणि दुसऱ्या अंगाला खालचा, अशी माझी वरात या गावात आली. लोक नवरीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत होते, असे उमसुनाई अजूनही सांगते.

मग मी पन्नास वर्षे दळले. गहू दळला, जव दळले, मका दळला. धान्य भाजून त्याचे जे पीठ करतात, ज्याला आमच्याकडे तलकान म्हणतात, ते माझ्याइतके बारीक दुसऱ्या कुठल्याच जात्यातून पडत नसे. आळीतल्या बायका परड्या घेऊन यायच्या आणि दळता दळता एकमेकींच्या सासवांचेही पीठ पाडायच्या. मी सगळे ऐकले आहे, पण कुणाचे कुणाला सांगितलेले नाही.

पुढे बाजारात विजेची चक्की आली आणि माझा रुबाब उतरला. मला गोठ्याशेजारच्या पडवीत हलवले. माझ्यावर कोंबड्यांच्या पाण्याचे भांडे ठेवू लागले. त्या वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही. कोंबड्या काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिथून मला बाहेर काढले ते तानसुलूमुळे. तानसुलू ही उमसुनाईची नात. वय तीन वर्षे, पण अंगाने दोन वर्षांच्या मुलीएवढी. पोट टम्म फुगलेले, हातपाय काटकुळे. खाल्लेले अंगी लागत नसे आणि खेळायला सोडले तर भिंतीला टेकून बसून राही. तिचा बाप रशियात कामाला होता. आई मेरिम तिला घेऊन ओश शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि परत आली ती एक कागद घेऊन. गहू, जव आणि राय या धान्यांत एक चिकट अंश असतो, तो या मुलीच्या आतड्याला जाळतो, असे बाईंनी सांगितले होते. तो जन्मभर बंद. आतडे दुखावले आहे म्हणून दूधही बंद, ते बरे होईपर्यंत.

आता आमच्या घरात दुसरे असते काय? सकाळी नान आणि साय, दुपारी नान आणि ताकासारखे आयरान. उमसुनाईच्या खिशात तर कुरुत, म्हणजे दह्याचे वाळवलेले खारट खडे, कायम असायचे. दिसेल त्या पोराच्या हातावर ती एक खडा ठेवायची. आणि नानबद्दल काय सांगू! खाली पडलेला तुकडा दिसला तर ती उचलून कपाळाला लावायची. दारात आलेला माणूस नान मोडून तोंडात घातल्याशिवाय जाऊ शकत नसे. अशा घरातल्या मुलीने नान खायचा नाही! तिसऱ्या दिवशी उठून उमसुनाईने खिसे उलटे केले आणि सगळे कुरुत शेजारणीला देऊन टाकले.

मेरिमही काही कमी हुशार नव्हती. बाजारातल्या चक्कीत दिवसभर गहू दळला जातो, तिथे दळलेला मका चालणार नाही, हे तिने लगेच ओळखले. "घरचं जातं आहे की," ती म्हणाली. मला पडवीतून काढले, धुतले, उन्हात ठेवले. त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू! चक्कीला जे जमत नाही ते काम माझ्याकडे आले होते. मी मका दळू लागले, उझगेनचा लाल तांदूळ दळू लागले. मेरिम मक्याच्या पिठात दुधाऐवजी शिजवलेला भोपळा मळून तंदुरात भाकरी लावी. तानसुलू ती आवडीने खाई.

पण तिचे पोट उतरेना. एक महिना गेला, दोन गेले, तिसरा लागला. वजन जागच्या जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू पोटात जातो आहे, शोधा.

मेरिमने भांडी वेगळी केली, चमचे वेगळे केले, तंदूर घासून घेतला. शेवटी तिची नजर सासूवर गेली. माझ्यासमोरच, दळता दळता तिने विचारले. सासूला ती एने म्हणत असे.

"एने, खरं सांगा. मी नसताना तुम्ही तिला काही देता ना? नानचा तुकडा, एखादा कुरुत? मी रागावणार नाही."

उमसुनाईचा हात खुंट्यावर थांबला. "रागावणार नाही म्हणतेस आणि डोळे वटारतेस. तीन पोरं वाढवली मी. नातीला चोरून आजार चारीन होय?"

"तसं नाही, एने. माया असते..."

"माया असते म्हणूनच जाते. मी नसले की कळेल तुला."

तिने शाल घेतली आणि ती लेकीच्या गावी निघून गेली. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर! कारण काय चुकते आहे ते मला त्याच क्षणी उमगले. छिन्नीने माझ्यात पाडलेल्या खाचांत पन्नास वर्षांचा गहू दडून बसला होता. पाण्याने तो निघाला नव्हता, भिजून उलट घट्ट झाला होता. प्रत्येक घासाबरोबर मीच तो तिला चारत होते. ज्या खरखरीत पाठीचा मला एवढा अभिमान, तिनेच हे केले होते. मी दगड आहे, पण तेव्हा मला फुटून जावेसे वाटले.

दोन आठवडे सासू घरात नव्हती आणि पोरगी तशीच होती. मेरिम समजायचे ते समजली. खाली मान घालून ती पडवीत बसली आणि मुलीच्या पोटात जाणाऱ्या एकेका गोष्टीचा माग काढू लागली. असा माग काढत ती माझ्यापाशी आली. वरचा दगड उचलला. गोधडी शिवायची सुई घेऊन खाच उकरली. करडा लगदा निघाला. तो तिने पाण्याच्या थेंबात मळला आणि दोन बोटांनी ओढला. मक्याचे पीठ तुटते. हे ताणले जाऊन त्याची तार निघाली.

त्याच दुपारी ती उमसुनाईला आणायला गेली. दोघी परत आल्या तेव्हा मेरिमचे डोळे सुजलेले होते.

"चूक माझी होती, एने. जात्यात होतं," ती म्हणाली. "पण हे तुमच्या वडिलांनी दिलेलं. म्हणून विचारते, काय करू?"

उमसुनाईने माझ्यावरून हात फिरवला. "विचारतेस काय? सातिबाल्डी उस्ताला बोलाव. दोन्ही दगड बोटभर तासायला सांग. तरी साफ झालं नाही तर नदीत टाक. वर गेल्यावर बापाला मी समजावीन."

सातिबाल्डी हा आमच्याकडचा पाथरवट. त्याने तीन दिवस छिन्नी चालवली. दुखले, खोटे कशाला बोलू. माझी जुनी पाठ चुरा होऊन पडली आणि खालून स्वच्छ निळसर दगड निघाला. पहिला शेरभर तांदूळ दळून कोंबड्यांना टाकला, दुसराही टाकला. मग डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले, त्यांनी होकार दिला, तेव्हाच तानसुलूसाठी दळण घातले.

थंडी सरेपर्यंत तिचे वजन दोन किलोने वाढले. गालांवर रंग आला. ती कोंबड्यांमागे धावू लागली आणि एकदा तर शेजाऱ्याच्या कुंपणावर चढून बसली. मेरिम तिला ओरडली आणि ओरडता ओरडता हसली.

वसंतात उमसुनाईने आळीला जेवायला बोलावले. ताटात भात, मटण, भोपळा आणि मी दळलेल्या मक्याच्या भाकऱ्या. एका म्हाताऱ्याने विचारले, नान कुठे आहे?

"हाच नान," उमसुनाई म्हणाली. "आज तुम्ही माझ्या नातीच्या पंगतीला आला आहात. मोड गं, तानसुलू."

तानसुलूने भाकरी मोडली आणि प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला. म्हाताऱ्याने तो कपाळाला लावून खाल्ला. आळीभराचे दळणारे जाते आता एकाच मुलीचे दळते. कुणी गहू घेऊन आले तर उमसुनाई त्याला दारातूनच वाटेला लावते. माझे वजन घटले, मान मात्र वाढला.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही असे मूल असेल, ज्याला तुमच्या डब्यातले चालत नाही. एका घासाने काय होते, असे म्हणून त्याला काही देऊ नका. तानसुलूला घासही लागला नव्हता. चिमटीत मावेल एवढ्या पिठाने ती तीन महिने आजारी राहिली आणि एक निर्दोष आजी घर सोडून गेली. देण्याआधी त्याच्या आईला विचारा. मला सगळे ठाऊक होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.