मुठीचं माप

“अडतीस मिलिमीटर? मावशी, दांडा एवढा जाड कशाला? आकडा चुकला नाही ना?” नवी इंजिनिअर स्क्रीनवर वाकून म्हणाली.

ड्रॉइंग विभागात सगळे त्यांना मावशीच म्हणत. निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. कागदावरच्या जुन्या नकाशांपैकी शेवटचा, हाताने चालवायच्या प्रेसच्या दांड्याचा, त्या कॉम्प्युटरवर चढवत होत्या.

“चुकला नाही. मापून घेतलाय.”

“पण ताकदीच्या हिशेबाने तीसही पुष्कळ झाला. हे बघा, स्क्रीनवर दांड्यावरचा ताण दिसतो, सगळा हिरवागार. कुठे धोक्याचा लाल नाही.”

मावशी हसल्या. एकतीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने त्यांनी हा दांडा तीसचाच काढला होता. तेव्हा खालच्या वर्कशॉपमधला एक फिटर तो कागद घेऊन तरातरा वर आला होता. “बाई, कागदावर देखणा आहे हो! पण दिवसातून आठशे वेळा ओढायचा आम्ही. एवढ्या बारीक दांड्यावर मूठ आवळून आवळून हाताला गोळे येतात.” आणि त्याने पंजा पुढे केला. मावशींनी जाडी मोजायचा कॅलिपर लावून त्याच्या मुठीचं माप घेतलं. जरा जास्तच वेळ घेतला. त्यानेही हात मागे घेतला नाही. दांडा अडतीसचा झाला. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्याला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

हे सगळं त्या पोरीला काय सांगायचं? “चल, खाली जाऊन बघू,” एवढंच त्या म्हणाल्या.

प्रेसवर हल्ली एक ठेंगणी बाई असे. तिची बोटं दांड्याभोवती पुरती वळतच नव्हती.

“जड जातो का गं?”

“सवय झाली. दोन्ही हातांनी ओढते. घरी गेल्यावर मनगटं ठणकतात, एवढंच.”

मावशींनी खिशातून कॅलिपर काढला. “हात दे बघू.”

वर येऊन त्यांनी अडतीस खोडले. बत्तीस घातले. बदलाचं कारण लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाऊ देईना. त्यांची बोटं बराच वेळ कीबोर्डवर नुसती टेकून राहिली. मग त्यांनी लिहिलं : ‘हात बदलला.’

आठवड्याभरात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथने नवा दांडा कातून दिला. बाईने तो एका हाताने ओढून पाहिला आणि शेजारणीला लेकीच्या परीक्षेचं सांगत कामाला लागली. दांड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मावशी तिचं बोलणं ऐकत थोडा वेळ दाराशी उभ्या राहिल्या.