आईचं मशीन आणि लव्हर्नची बिअर

आर्डिस रागावली की रस्त्यालगतचा मका दोन दिवस वाढायचा थांबतो, असं तिचे शेजारी शपथेवर सांगत. आयोवातली माणसं मक्याबद्दल खोटं बोलत नाहीत. आता तर ती तीन आठवडे सलग रागावलेली होती.

रागाचं कारण गॅरेजच्या मधोमध उभं होतं. आईचं कपडे धुण्याचं मशीन. चार पायांना चार चाकं, गोल टाकी, पोटाखाली पेट्रोलचं इंजिन आणि डोक्यावर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. शेतावर वीज यायच्या आधीचं. आईनं, पुढे आर्डिसनं, दर सोमवारी त्यात आठ माणसांचे कपडे धुतले, आणि धाकट्या भावानं, लव्हर्ननं, तीस वर्षं त्यात बर्फ भरून बिअर गार केली. इस्टरला बिअर, बारशाला बिअर. गेल्या महिन्यात कुणीतरी त्यात सिगारेट विझवली, तेव्हा आर्डिसनं मशीन ओढत ओढत रस्त्याच्या या बाजूला, आपल्या घरी आणलं.

"माझ्या नातीच्या पार्टीपर्यंत चालू करून दाखव!" लव्हर्न रस्त्यापलीकडच्या आपल्या दारातून ओरडला. "झालं तर तुझं. नाही झालं तर बर्फासकट माझ्या दारात आणून ठेवायचं!"

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कामाला लागली. पेट्रोलच्या टाकीतून उंदराचं घरटं निघालं, पेट्रोलच्या नळीतून गंज. दगडासारखे झालेले रूळ काढून तिनं वीज न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या दुकानातून नवे आणले. ते लोक अजून हीच मशीनं वापरतात. मशीनचा फोटो पाहून दुकानदार म्हणाला, "बाई, बाकी सगळं ठीक, पण घुसळणी कुठंय?"

टाकीच्या मधोमध कपडे घुसळणारा चार पात्यांचा ॲल्युमिनियमचा खांब असतो. इथं नुसतं भोक होतं. बाटल्यांना जागा व्हावी म्हणून लव्हर्ननं तो केव्हाच उपटला असणार. तो कुठं गेला ते तिला परत येताना दिसलं. लव्हर्नच्या फाटकाशी त्याची टपालपेटी ज्या खांबावर दिमाखात उभी होती, त्याला चार पाती होती.

आर्डिसनं गाडीतून पहार काढली.

"अगं, टपालपेटीला हात लावू नकोस!" लव्हर्न धावत आला. "केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे तो! आत टाकतील तुला!"

"टाकू देत! तुरुंगात तरी तुझं तोंड दिसणार नाही!" पेटी खड्ड्यात गेली, तीन बिलं वाऱ्यावर गेली, घुसळणी तिच्या काखेत. "आईच्या वस्तूवर विजेची बिलं घेतोस? लाज कशी वाटत नाही रे?"

"नाही वाटत," लव्हर्न म्हणाला. लालबुंद चेहऱ्यानं तो बिलांमागे धावला.

पार्टीच्या शनिवारी दुपारी आर्डिसनं टाकी गरम पाण्यानं भरली आणि इंजिन चालू करायच्या पेडलवर लाथ मारली. प्रत्येक लाथेला भावाचं नाव. एकविसाव्या लाथेला मशीन खोकलं, धूर ओकलं आणि असं थरथरू लागलं की भिंतीवर टांगलेले पाने-हातोडे खाली पडले. मग ते चालू लागलं. उतार होता, असं लव्हर्न अजून म्हणतो. आर्डिस म्हणते, त्याला कुठं जायचं ते माहीत होतं. गॅरेजमधून बाहेर, खडीवरून, रस्ता ओलांडून ते थेट लव्हर्नच्या अंगणात, पार्टीच्या मंडपात शिरलं. मागून आर्डिस. हॅमचे पाव तोंडाशी नेलेले चाळीस पाहुणे जागच्या जागी थिजले.

"चाललं!" ती गरजली. "सगळे साक्षीदार! मशीन माझं!"

तिनं टेबलावरचा बिअर सांडलेला कापडी रुमाल टाकीत बुचकळला आणि रुळांत घातला.

"हात काढ!" लव्हर्न किंचाळला. "आर्डिस, हात काढ तिथून!"

तो आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं हात काढला.

"काय झालं रे?"

"आईचा हात यातच गेला होता. कोपरापर्यंत. मी पाच वर्षांचा होतो, समोर उभा होतो. थांबवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं."

"आईचा हात गवताच्या माळ्यावरून पडून मोडला होता."

"ते तुला सांगितलं! तू शाळेत होतीस. आई मला म्हणाली, आर्डिसला बोलू नकोस, पुढच्या सोमवारपासून तिलाच धुवायचंय, घाबरेल."

आर्डिसच्या कानात इंजिन धडधडत होतं. आठ वर्षांची असल्यापासून दर सोमवारी तिनं या रुळांत सगळ्यांचे कपडे घातले होते. आईनं माझे हात इथं घातले. सगळं माहीत असून. आणि ती वीस वर्षांपूर्वी मरून मोकळी झाली. आता भांडायचं कुणाशी?

"तू तरी सांगायचंस, गाढवा!"

"म्हणून तर घुसळणी काढली! परत कधी चालू नये म्हणून! बर्फ भरला, बिअर भरली... तुला ते आवडलं नाही!"

आर्डिसनं त्याचं मनगट धरलं आणि रुळांवरच्या लोखंडी दांडीपाशी नेलं.

"थांबवायला इथं मारायचं असतं. मूठ वळ. मार."

त्यानं मारली. खाडकन रूळ अलग झाले आणि रुमाल खाली पडला. आर्डिसनं रूळ पुन्हा दाबून बसवले.

"अजून जोरात," ती दात आवळून म्हणाली. "मग माझी पाळी."