विमानातून उतरवलेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा. वाण्याच्या दुकानातला नव्हे. माणसं न्हाणीघरात ठेवतात, सकाळी अनवाणी उभी राहतात, आकडा पाहतात आणि तोंड वाकडं करतात, त्या जातीचा मी. पोटात एक स्प्रिंग, पाठीवर काळी रबरी चटई आणि काचेखाली लाल काटा, एवढाच माझा संसार. हॉलंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मायके नावाच्या तरुण बाईने मला विकत घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पेटीत भरलं. ती पेटी उघडली ती थेट पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात.

मायकेचा नवरा वाउटर मिशनच्या विमानाचा वैमानिक होता. त्या डोंगरात रस्ते नाहीत. गावोगावी लोकांनी हातांनी गवत कापून राखलेल्या धावपट्ट्या आहेत, तेवढाच जगाशी संबंध. वाउटर आपल्या छोट्या विमानातून औषधं, पत्रं, पाद्री, शिक्षक, कोंबड्या, बायबलं असं सगळं ने-आण करी. आता वजन जास्त झालं तर विमान उठायला पट्टी लांब लागते, आणि तिथली पट्टी तर कड्यापाशी संपते. म्हणून विमानात चढणारा प्रत्येक जण आधी काट्यावर चढायचा. तळावरचा मोठा काटा गंजून बसला, तेव्हा वाउटरने मला न्हाणीघरातून उचलून विमानात ठेवलं. "एकच दिवस नेतो," असं तो म्हणाला होता.

पुढे कित्येक वर्षं मायके त्याला टोमणा मारायची. "तुझा तो एक दिवस अजून मावळला नाही वाटतं."

"तुला तुझं वजन कळत नाही, ते तुझ्या भल्याचंच आहे," वाउटर म्हणायचा. मग त्या दिवशी त्याला सूप गार मिळायचं.

खरं सांगू? मी मात्र खूश होतो. न्हाणीघरात ओली पावलं मोजत सडलो असतो. इथे माझ्यावर डुकरं उभी राहिली, शिंपल्यांच्या माळांनी वाकलेली नवरी उभी राहिली. एकदा एका बिशपसाहेबांनी पोट आत घेऊन श्वास रोखला. मित्रांनो, पोट आत घेतल्याने वजन कमी होत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

घरची मुख्य जागा म्हणजे स्वयंपाकघरातला वायरलेस. विमान हवेत असलं की मायके त्याच्यासमोरून उठत नसे. भट्टीत पाव, टेबलाशी गणितं सोडवणारी मुलगी येंटे, आणि कानाला तो आवाज. वाउटरने "उतरलो" म्हटलं की मगच ती बटाटे सोलायला घ्यायची. सगळ्या धावपट्ट्या तिला नावानिशी पाठ होत्या, पण तिने पाहिलेली एकही नव्हती. विमान उडालं की खुर्चीत कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी तीच.

यालुमेट गावच्या दवाखान्यातली नर्स नोलिन तिला रोज सकाळी हवा कळवायची. वायरलेस सगळ्या वैमानिकांचा, त्यावर घरगुती बोलायला सक्त मनाई. पण या दोघी मोठ्या बिलंदर.

"ढग उंच आहेत, वारा नाही, आणि माझ्या पायांना सूज आली आहे. ओव्हर."

"ढग समजले. मीठ कमी खा. ओव्हर."

एकमेकींचं तोंडही न पाहता त्यांची अशी मैत्री जमली होती.

एका सकाळी मात्र यालुमेटहून नोलिनऐवजी तिचा नवरा अपेन बोलला, तोही ओरडूनच. नोलिनचे दिवस भरले होते, पण मूल आडवं आलं होतं, कळा थांबत नव्हत्या. वाउटर त्या वेळी हवेतच होता. सुट्टी होती म्हणून येंटे त्याच्या शेजारी बसली होती. त्याने विमान तसंच यालुमेटला वळवलं.

उतरलो तर नोलिन झोळीत पडलेली, ओठ पांढरे पडलेले. तिला उभं राहता येईना. अपेन तिला दोन्ही हातांवर घेऊन माझ्यावर चढला, मग एकटा चढला, आणि वाउटरने वजाबाकी केली. बाळंतपणात पुरुषाने जायचं नाही ही तिथली रीत, म्हणून तळाजवळच्या इस्पितळापर्यंत सोबत नोलिनची आई केमी जाणार होती. म्हातारी हाडांचा सापळा, पण तिने माझा काटा भलताच पुढे नेला.

"आजी, पाठीवर काय आहे?" वाउटरने विचारलं.

"काही नाही."

विणलेल्या पिशवीतून रताळी निघाली, मग आणखी रताळी निघाली.

"हे काही नाही?"

"एवढीशी रताळी म्हणजे काहीच नाही. तुझ्या बायकोच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ होय रे? लाज नाही का वाटणार मला?"

रताळी उतरली. हत्यारांची पेटी उतरली, सामान उतरलं, मागच्या खुर्च्या उतरल्या, आणि मलाही गवतावर ठेवलं. पण पट्टी ओली होती, ऊन चढलं होतं, दरीतून ढग वर सरकत होते. वाउटरने पुन्हा बेरीज केली. अजून जास्तच होत होतं.

येंटेने बूट काढले आणि कुणी न सांगता माझ्यावर उभी राहिली. वाउटरने खाली वाकून आकडा पाहिला. मित्रांनो, आयुष्यात त्या एकाच वेळी मला खोटं बोलावंसं वाटलं. पण काट्याला ते जमत नाही.

"मी राहते, बाबा," ती म्हणाली. "उद्या न्यायला या."

वाउटरने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. झोळी धरून बसलेली केमी म्हणाली, "जरा मोठ्याने म्हण रे पायलट. मुलगी ठेवून चाललास, देवाला नीट ऐकू तर जाऊ दे." तो पुन्हा मोठ्याने म्हणाला. विमान पट्टीच्या अगदी टोकाला उठलं.

दवाखान्याच्या वायरलेसवर आम्ही ऐकत होतो. मायकेने नेहमीप्रमाणे विचारलं, विमानात कोण कोण आहे. वाउटरने तीन नावं सांगितली. चौथं आलं नाही. मग मायकेचा आवाज आला, "समजलं. सावकाश या. ओव्हर."

तो उद्या काही उजाडला नाही. ढग गावात येऊन बसले आणि हलायचं नाव घेईनात. येंटे अपेनच्या बहिणीकडे, बायकांच्या घरात झोपायची. सकाळी नोलिनच्या जागी तीच हवा कळवायची.

"ढग खाली आहेत. पट्टी दिसत नाही. ओव्हर."

"पट्टी ओली आहे का? ओव्हर."

"ओली आहे. पण ठीक आहे. अगदी ठीक आहे. ओव्हर."

मायलेकी एवढंच बोलायच्या. बोलणं संपलं तरी येंटे थोडा वेळ कानावरचे हेडफोन काढायची नाही. मायकेने तिसऱ्या सकाळी एवढंच सांगितलं, की औषधाने कळा थोपवून धरल्या होत्या, पण डॉक्टर आज नोलिनचं पोट उघडणार आहेत. आणि त्यानंतर वायरलेस बंद पडला. तो चालायचा उन्हावर, आणि ऊन तर कुठेच नव्हतं.

अपेनला चैन पडेना. छपरावर चढून तो वायरलेसला वीज देणारी उन्हाची काच आपल्या सदऱ्याने पुसत बसायचा.

"अपेनकाका, ढग पुसले जात नाहीत," येंटे खालून म्हणाली.

"माहीत आहे गं. पण हात रिकामे राहिले की काळजी खाते."

खाली उतरला की तो येंटेला माझ्यावर उभी करायचा. "वाळली तर नाही ना? पायलटची पोर वाळली तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?" मग रताळी, पाला, डुकराची चरबी, सगळं तिच्या पुढ्यात यायचं. बायको जगते की मरते ते माहीत नसलेला तो माणूस दुसऱ्याच्या मुलीचं वजन राखत होता. मला त्याची फार कणव येई.

शेवटी एका सकाळी ऊन पडलं. दुपारपर्यंत वायरलेस खरखरला. सारं गाव दाराशी जमलं. येंटेने घराला हाक दिली, आणि उत्तर आलं ते मायकेचं नव्हतं.

"यालुमेट, यालुमेट. नोलिन बोलतेय."

अपेनने येंटेच्या हातून माईक ओढून घेतला, बटण दाबलं, आणि तो बटण न सोडता हुंदके देऊ लागला. येंटेने हळूच त्याचं बोट बटणावरून उचललं, तेव्हा नोलिनचा आवाज आला. "अपेन, तू रडतोयस ते सगळ्या वैमानिकांना ऐकू गेलंय. मुलगी आहे. मीही आहे. आई इथे मायकेला पाव कसा भाजायचा ते शिकवत होती. आता पुढचं ऐका. विमान निघालंय. वैमानिक एक, प्रवासी एक."

"प्रवासी कोण?" येंटेने विचारलं.

"तुझी आई. तिची खुर्ची मी धरलीय. हवा सांग, पोरी."

"ढग नाहीत," येंटे म्हणाली.

विमान उतरलं. मायके खाली आली आणि गर्दीत मुलीला शोधत धावली. पण अपेन मध्ये उभा राहिला. "थांबा, मिसिस. आधी मोजून घ्या." त्याने येंटेला माझ्यावर उभं केलं आणि सगळ्यांना आकडा दाखवला. "दिली होतीत त्यापेक्षा जास्तच परत करतोय."

मायकेने आकड्याकडे पाहिलंच नाही. ती चिखलाच्या बुटांनी तशीच माझ्यावर चढली आणि तिने लेकीला छातीशी धरलं. इतके दिवस दोघी फक्त हवेबद्दल बोलल्या होत्या. आता दोघी नुसत्या रडत होत्या. माझा काटा आकड्यांच्या टोकाला जाऊन थांबला होता आणि स्प्रिंग करकरत होती. पण मित्रांनो, मला ते वजन अजिबात जड वाटलं नाही.

परतताना गावाने दिलेल्या भेटींनी विमान भरलं. नाही म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून काहीतरी उतरवावं लागलं, आणि उतरवलं ते मला. आता मी यालुमेटच्या दवाखान्यात असतो. स्प्रिंग ताणली आहे, काचेला तडा गेला आहे, पण नोलिन रोज मला पुसते, आणि बाळांना कडेवर घेऊन आया माझ्यावर उभ्या राहतात.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची काच पुसत जा आणि त्याच्यावर राग काढू नका, आकडा त्याचा नसतो. आणि कधी कुणाला मागे ठेवावंच लागलं, तर त्याला न्यायला जा. जमलं तर स्वतः जा.